न ओरडलेला पंप

१

पंपाने ओरडायला हवं होतं आणि तो ओरडला नाही. तक्रार एवढीच होती.

चियायी शहरातल्या एका इस्पितळात एका म्हातारीची सलाईनची नळी झोपेत तिच्याच कुशीखाली दबली आणि औषध थांबलं. अशा वेळी पंपाने बोंब मारायची असते, त्यासाठीच तर त्याच्या पोटात दाब मोजणारा सेन्सर बसवलेला असतो. पंप मात्र हिरवा दिवा दाखवत गप्प बसून राहिला. नर्स सहज चादर सारखी करायला आली म्हणून म्हातारी वाचली, पण अजून धड उठून बसत नव्हती.

हे पंप बनवणाऱ्या शिंचूच्या कारखान्यात ही तक्रार आली ती फान श्यू-लान यांच्या टेबलावर. सगळे त्यांना फान ताई म्हणत. तक्रारींचा विभाग म्हणजे त्या एकट्याच. लोकांच्या चुका शोधून शोधून त्यांचा जीव अगदी विटला होता. चूक सापडली तर माणसं तोंड फिरवतात, नाही सापडली तर साहेब तोंड वाजवतात. गुडघे दुखत होते, बाहेर शिंचूचा वारा खिडक्या खडखडवत होता, आणि फान ताईंना मनापासून वाटत होतं की हा पंप आपण निवृत्त झाल्यावर बिघडला असता तर काय बिघडलं असतं!

पण मेलमध्ये खाली आणखी एक ओळ होती, कुओ साहेबांची. ‘कारण सापडले आहे. त्साई पेइ-यू हिने चाचणी न करताच पास शिक्के मारले. आज संध्याकाळी ग्राहकाला अहवाल जाईल. तुमची सही हवी.’

फान ताईंनी चहासाठी उघडलेलं फ्लास्कचं झाकण पुन्हा लावलं. चाचणी खोटी केल्याचा शिक्का एकदा बसला की त्या पोरीला या गावातल्या एकाही कारखान्याने दारात उभं केलं नसतं. आणि सही मागत होते ती फान ताईंची.

२

कुओ साहेब आणि फान ताई एकाच वर्षी कंपनीत लागलेले. तो चढत चढत काचेच्या केबिनपर्यंत गेला, त्या राहिल्या तिथेच. एकमेकांशी मात्र अजून अरे-तुरेच.

“ये, बस. चहा?” कुओ म्हणाला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“चहा नको, सांग. पोरीवर एवढा मोठा आळ घेतोयस तो कशावरून?”

“अगं, सरळ आहे. इस्पितळातून परत आलेला पंप तिच्याच टेबलावर लावला. नळी चिमटून बघितली. दहातून एक-दोन वेळा हूं की चूं नाही! आणि तिच्या चाचणीत काय लिहिलंय? एकदाही चुकला नाही म्हणे. एकदाही! बसल्या जागी शिक्के मारलेत तिने, दुसरं काय?”

“पण पंप गप्प का राहतो, ते कळलं का?”

“ते कळलंय की.” कुओने खुर्ची पुढे ओढली. “दोन तारांवर बोलणं चालतं सेन्सरचं. आपला ड्रायव्हर, म्हणजे तो एवढुसा प्रोग्रॅम, सेन्सरला म्हणतो, दाब मोज. मग जरा थांबतो. मग म्हणतो, सांग किती झाला. थांबणं कमी पडलं की सेन्सरचं मोजून झालेलं नसतं, मग तो मघाचाच जुना आकडा हातावर ठेवतो. पंपाला वाटतं, सगळं ठीक आहे.”

“आणि किती थांबायचं ते?”

“सेटिंगच्या फाइलमध्ये आकडा असतो, तोच पंपात भरतात. तीन मिलिसेकंद. ड्रायव्हर लिहिणाऱ्या शू ची-हंगने सेन्सरच्या माहितीपत्रकातून उचलला असणार, तिथेही तीनच आहे. त्याला काय बोलायचं? ग्राहक रोज उठून डोकं खातो, पंप लवकर सुरू करा, लवकर सुरू करा. सुरू होताना शेकडो वेळा दाब मोजावा लागतो गं, दरवेळी बारा-बारा मिलिसेकंद ताटकळत बसलो तर दुकान बंद करावं लागेल. आकडा चुकू शकतो. चूक पकडायलाच चाचणी ठेवलेली असते. ती झाली नाही, संपलं.”

“फाइल कोण उघडतं?”

“कुणीही. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर सगळे एकाच नावाने बसतात, तुला माहितेय. प्रोग्रॅम कुलपात ठेवतो आपण, त्याच्या जुन्या प्रतीही राहतात. सेटिंगचे नुसते आकडे. आकड्यांना कशाला कुलूप?”

फान ताई उठल्या. गुडघा कटकन वाजला.

“श्यू-लान,” कुओ मागून म्हणाला, “उगाच खणत बसू नकोस. दमलोय आपण दोघंही.”

हे मात्र खरं बोलला तो.

३

पेइ-यू चाचणीच्या खोलीत स्टुलावर बसली होती. तिशीची, किडकिडीत, डोळे सुजलेले. समोर परत आलेला पंप उघडून ठेवलेला, त्याच्यातून निघालेली सेन्सरची चपटी वायर टेबलावरून मोजणीच्या यंत्रापर्यंत गेलेली. यंत्राच्या डोक्यावर खोबऱ्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ताठ उभं होतं.

त्या पाकिटाचं कुणालाच नवल नव्हतं. त्याच्या नावाचाच अर्थ ‘शहाण्यासारखं वाग’ असा, म्हणून कारखान्यात असं एकही यंत्र नव्हतं ज्याच्यावर ते ठेवलेलं नाही. हिरवंच लागतं, तारीख उलटलेलं चालत नाही, आणि यंत्रावरचं खायचं तर नाहीच नाही. भलेभले इंजिनियर हे नियम पाळतात. फान ताईंच्या स्वतःच्या प्रिंटरवरही एक होतंच.

“ताई, तुम्हालाही वाटतं का मी शिक्के मारले?” पेइ-यूने पहिल्याच वाक्याला विचारलं.

“मला अजून काहीच वाटत नाही गं. तू केलीस ना चाचणी?”

“एकेक पंप केलाय! नळी चिमटायची, ओरडला की सोडायची, पुन्हा चिमटायची. बोटांना घट्टे पडले, हे बघा. शेजारच्या खोलीतले शिव्या द्यायचे, तुझ्या पंपांनी दुपारचं झोपू देत नाहीस म्हणून. ओरडत होते, ताई. सगळे ओरडत होते! आणि आता त्याच टेबलावर, तोच पंप, माझ्यासमोर गप्प राहतो. मी काय सांगू? मलाच वाटायला लागलंय की मी वेडी आहे.”

तिने चिमटा लावला. पंप ओरडला. सोडला, लावला. पंप ओरडला. पुढच्या खेपेला चिमटा लावला तर पंप हिरवा दिवा दाखवत गप्प. पेइ-यूने चेहरा ओंजळीत धरला.

“रडू नकोस. रडण्याने माझं डोकं दुखतं,” फान ताई म्हणाल्या, पण स्टूल ओढून तिच्या शेजारी बसल्या. “टेबल तेच आहे म्हणतेस. मग बदललं काय? काहीतरी बदललेलं असणार. कॉम्प्युटर? वायर? खुर्ची?”

“काही नाही.”

“आठव.”

“खरंच काही नाही, ताई. पाकीट तेवढं नवीन आहे.” ती कसनुसं हसली. “परवा ग्राहकाची माणसं येणार होती ना, तेव्हा कुओ साहेब म्हणाले तारीख उलटलेलं पाकीट काढा, लाज जाईल. मी काढलं. आणि तेव्हापासूनच... मला तर भीतीच वाटली. जुन्याने राखलं इतके दिवस, मी त्याला काढून टाकलं.”

“टाकलंस?”

पेइ-यू लाजली. तिने खालचा खण उघडला. आत चुरगळलेलं जुनं हिरवं पाकीट होतं. “टाकवेना.”

फान ताईंनी ते हातात घेतलं. एका बाजूला पाकिटाला आडवा वळ पडला होता, बोटभर रुंद, सरळ. यंत्राच्या डोक्यावर उभ्या राहिलेल्या पाकिटाला असा वळ कशाला पडेल?

“हे कुठं असायचं गं? यंत्रावर?”

“आधी यंत्रावर. पण पंख्याच्या वाऱ्याने सारखं पडायचं. आणि ही वायरही वाऱ्याने उचलायची, फडफडायची. म्हणून मी ते...” पेइ-यू बोलता बोलता थांबली. “मी ते वायरवर आडवं ठेवलं होतं. वर टेपचं रीळ ठेवून.”

४

शू ची-हंग आला तो पोटाशी बाळ बांधून. बायकोच्या बाळंतपणापासून तो लांब रजेवर होता. फान ताईंनी बोलावलं म्हणून तेवढ्यापुरता आला होता, आणि त्याच्या शर्टावर दुधाचे डाग होते.

“हळू बोला ताई, आत्ताच झोपलाय. मी दोन महिन्यांत सलग झोपलेलो नाही.”

“ड्रायव्हर तू लिहिलास. थांबायचा आकडाही तूच टाकलास?”

“मीच. वेगळा ठेवला मुद्दाम, प्रोग्रॅमला हात न लावता बदलता यावा म्हणून. उद्या दुसरा सेन्सर घेतला तर?”

“माहितीपत्रकातून उचललास?”

“पत्रकात बघितलं. तीन लिहिलंय, पण ते आपलं साधारण. खाली बारीक अक्षरात लिहिलंय, जास्तीत जास्त नऊ. तीनवर विश्वास ठेवायला मी काय वेडा आहे? मी नऊ धरले, वर माझ्या पदरचे तीन टाकले. बारा. बारा टाकून फाइल सेव्ह केली आणि तेवढ्यात बायकोचा फोन आला, कळा सुरू झाल्यात. तसाच पळालो.”

 बाळाच्या डोक्यावरची टोपी फान ताईंनी उगाचच सारखी केली.

“कुणाला सांगितलंस? बारा ठेवलेत म्हणून?”

“कुणाला सांगणार? स्कूटर काढली आणि सुटलो. त्यानंतर आजच येतोय. का? बारा कमी पडले की काय?”

“तुझ्या फाइलमध्ये तीन आहेत, ची-हंग.”

त्याचा चेहरा उतरला. “ताई, आईशप्पत मी...”

“हळू. बाळ उठेल.” फान ताईंनी खांद्याला धरून त्याला चाचणीच्या खोलीकडे वळवलं. “आता मला एक सांग. तुझ्या वायरवर खोबऱ्याच्या कुरकुऱ्यांचं पाकीट ठेवलं तर काय होईल?”

ची-हंगला वाटलं, ताईंचं वय झालं.

५

पेइ-यूने जुनं पाकीट वायरवर आडवं ठेवलं, वर टेपचं रीळ. वळ बरोबर वायरवर बसला. चिमटा लावला. पंप ओरडला. सोडला, लावला, ओरडला. ती चिमटत राहिली, पंप ओरडत राहिला, एकदाही चुकला नाही. मग तिने पाकीट काढलं. थोड्याच वेळात पंप गप्प राहिला. पुन्हा ठेवलं. पुन्हा ओरडायला लागला.

“अरे देवा,” ची-हंग म्हणाला, आणि बाळाला सांभाळत वायरवर वाकला. “आतून चांदीचा मुलामा असतो पाकिटाला! धातूच की तो. तारांना इतका चिकटून बसला की सिग्नल जड होतो. ड्रायव्हर विचारतो ‘सांग किती’, ते सेन्सरला पहिल्यांदा धड ऐकूच जात नाही. मग ड्रायव्हर पुन्हा विचारतो. ते मीच लिहून ठेवलंय, उत्तर नाही आलं तर दम घे आणि परत विचार. तेवढ्या वेळात...”

“तेवढ्या वेळात सेन्सरचं मोजून होतं,” फान ताई म्हणाल्या.

“होतं! एका बिघाडाने दुसरा झाकला. टेबलावर सगळं छान. इस्पितळात पाकीट नाही, तिथे एका दमात ऐकू जातं, आणि घाईघाईत जुनाच आकडा येतो.”

पेइ-यू पाकिटाकडे बघत होती. “म्हणजे मी चाचणी केली होती.”

“केली होतीस.”

“म्हणजे मी खोटी नाही.”

“नाहीस गं, पोरी.” फान ताईंचा आवाज जरा ओला झाला, मग त्यांना स्वतःचाच राग आला. “पण एवढ्यावर भागत नाही. बाराचे तीन आपोआप होत नाहीत.”

ची-हंग मान खाली घालून म्हणाला, “फाइलला कुलूप नाही, नाव नाही, जुनी प्रत नाही. कोण सिद्ध करणार? मी बारा टाकले होते हे तरी कोण मानणार?”

“एक जण मानेल,” फान ताई म्हणाल्या. “त्याने बघितलेत.”

६

जेवणाची वेळ झाली होती. कुओ केबिनमध्ये एकटाच डबा उघडून बसला होता, पण जेवायच्या काड्या हातात तशाच. फान ताईंनी दार लोटलं आणि पाकिटाची सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता त्याचा चेहरा खुलला.

“मग झालंच तर! पोरगी सुटली, कुणाचाच दोष नाही. लिही, पाकिटामुळे चाचणीत घोळ झाला. पाकिटाला कोण शिक्षा करणार? हसतील आणि सोडून देतील.”

“आणि तीन?”

“ते ची-हंगचं. म्हटलं ना, पत्रकातून...”

“कुओ, सकाळी तू मला म्हणालास, बारा-बारा मिलिसेकंद ताटकळत बसलो तर दुकान बंद करावं लागेल.”

“म्हणालो असेन.”

“बाराच का? पत्रकात तीन आहेत आणि नऊ आहेत. बारा कुठल्याच कागदावर नाहीत. ते ची-हंगच्या डोक्यातून निघाले, फाइलमध्ये गेले, आणि तो बायकोकडे पळाला. त्याने कुणाला सांगितलं नाही. पेइ-यूने पहिला पंप लावला तेव्हा तीन होते. मधल्या वेळात ज्याने फाइल उघडली, त्या एकाच माणसाला बारा माहीत असणार.”

कुओने काड्या खाली ठेवल्या. बाहेर वाऱ्याने कुणाची तरी स्कूटर पाडली, तिचा आवाज आला. त्याने तिकडे बघितलंही नाही.

“तेव्हा ग्राहक दुसऱ्या दिवशी पंप बघायला येणार होता,” तो शेवटी म्हणाला. “पंप सुरू व्हायला वेळ लागत होता. मी तीन केले. ची-हंगला सकाळी सांगणार होतो, तपासून घे म्हणून. सकाळी कळलं, त्याला मुलगा झाला. मग म्हटलं, चाचणी आहे ना, चुकलं तर कळेल. चाचणी पास झाली. मी विसरून गेलो, श्यू-लान. खरंच विसरलो.”

“आठवलं कधी?”

“म्हातारीची तक्रार आली तेव्हा.”

“आणि आठवल्यावर तू पेइ-यूला पुढे केलंस.”

“ती लहान आहे. कुठेही लागेल. मला आता या वयात कोण घेणार?”

फान ताईंना भयंकर राग आला, आणि त्याहून भयंकर थकवा. याच माणसाबरोबर त्या एकेकाळी पायरीवर बसून मांसाच्या गोळ्यांचं सूप प्यायच्या, साहेब लोकांना नावं ठेवत.

“खोट्या चाचणीचा शिक्का घेऊन कुठेही लागेल? चहाच्या दुकानात तरी उभी करतील का तिला? आणि पाकिटावर ढकललं तर बाकीच्या पंपांत तीन तसेच राहतात. अजून किती म्हाताऱ्या आहेत, कुओ, नळीवर झोपलेल्या?”

कुओने डबा बाजूला सारला.

“अहवाल मी लिहिते. तू केलंस ते तुझ्या नावाने, आणि मी इतकी वर्षं त्या फाइलला कुलूप मागितलं नाही, ते माझ्या नावाने. सही तू आधी कर. तू सांगितलंस तर ती कबुली होईल. मी सांगितलं तर चुगली.”

फान ताई दाराशी पोचल्या तेव्हा तो म्हणाला, “इस्पितळांना आत्ताच फोन करतो. पंप बाजूला काढा म्हणून. अहवालाची वाट नको.”

“कर,” त्या म्हणाल्या, आणि वळून न बघता गेल्या.

७

जेवणानंतर कारखान्यात दिवे मालवतात. सगळे टेबलावर हात टेकून, त्यावर डोकं ठेवून झोपतात. साहेबाने जरी त्या वेळात आवाज केला तरी लोक महिनाभर नावं ठेवतात.

त्या अंधारात चाचणीच्या खोलीत ची-हंगने फाइल उघडली, तीन पुसले, बारा टाकले आणि ती पंपात भरली. पेइ-यूने वायर मोकळी केली. नवीन पाकीटही यंत्रावरून उचललं आणि फान ताईंच्या मांडीवर ठेवलं.

“यावर काहीच नको,” ती म्हणाली. “ह्याला हवं तसं वागू दे.”

मग तिने चिमटा उचलला. “लावू का? सगळे झोपलेत, ताई.”

“लाव.”

पंप किंचाळला. त्या शांततेत असा किंचाळला की बाळ दचकून जागं झालं आणि तेही रडायला लागलं. पेइ-यूने सोडला, पुन्हा लावला, पंप पुन्हा किंचाळला. सोडला, लावला, सोडला, लावला. बाहेर खुर्च्या सरकल्या, कुणीतरी करवादलं, “अगं बाई, झोपू दे की!” पेइ-यू थांबली नाही. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती चिमटत होती, आणि पंप दर वेळी ओरडत होता. एकदाही चुकला नाही.

“बंद करू का, ताई?” तिने शेवटी विचारलं. “लोक चिडलेत.”

फान ताईंनी मांडीवरचं हिरवं पाकीट फोडलं, एक कुरकुरा तोंडात टाकला आणि पाकीट पोरीपुढे धरलं. त्यांचं डोकं ठणकत होतं.

“राहू दे जरा,” त्या म्हणाल्या. “ओरडू दे त्याला.”